दहा किलोंची चहाडी

१४ जून

सरकारच्या यंत्रात माझ्या अंगठ्याची नोंद आहे, दोन्ही डोळ्यांची आहे, दुकानाचा तराजू कधी तपासला याचीसुद्धा आहे. मी, विजयमाला, आज कोणावर आणि का चिडले, ही एवढी एकच गोष्ट कुठे नोंदलेली नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. याला कुलूपबिलूप नाही. माझं अक्षर पुरेसं आहे.

दुकान म्हणजे रेशनचं. बेलापुरातल्या आमच्या बचत गटाला ते मिळालं, तेव्हा गटातल्या बायकांनी चालवायला मलाच बसवलं. का, म्हणून विचारलं तर अध्यक्षा आक्काबाई म्हणाल्या, "तुझं त्वांड चालतंय, म्हंजी दुकान बी चालंल."

आज त्याच आक्काबाईंचा अंगठा यंत्राला पटेना. पदराला पुसला, पाण्यात बुडवला, फुंकर घातली, शेवटी कोणीतरी राख आणून दिली ती चोळली. यंत्र ढिम्म. रांगेतली माणसं खोकायला लागली तशा आक्काबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "नवऱ्यानं अख्ख्या जल्मात वळखलं न्हाई, त्ये ह्ये डबडं काय वळखनार." मग डोळा दाखवून त्यांचं धान्य निघालं.

एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळते. यंत्राचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवायचा. कार्डातली नावं, कोणाच्या वाट्याचं किती निघालं, सगळं त्याला दिसलं पाहिजे. आधीचा दुकानदार पडदा पोटाशी धरून बसायचा आणि अशा रीतीने त्याने दोन मजले चढवले.

संध्याकाळी यजमानांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली. कुठेतरी लाखो लोकांची कार्डांची माहिती फुटली म्हणे. आमचे वैजनाथराव एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर लोकांना पुढे सरकायला सांगितल्यामुळे त्यांना प्रत्येक विषय पुढे सरकवता येतो. म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?"

म्हटलं, "मग उद्यापासून न्हाणीला दार कशाला? काढून टाकू. तुम्ही तिथे तसलं काही करत नसालच."

त्यांनी पेपरची घडी केली.

१९ जून

आज एक बाई आली. पस्तिशीची असेल, उन्हाने पंचेचाळिशीची दिसते. रांग संपेपर्यंत बाहेर निंबाखाली उभी राहिली आणि मी शटर ओढायला उठले तेव्हा आत आली. हातात घडी पडून पडून चौकोन झालेली रेशनकार्डाची झेरॉक्स.

"ताई, कार्ड पाथर्डीकडचं हाय. हितं चालंल का?"

चालतं. आता कुठल्याही गावचं कार्ड कुठल्याही दुकानात चालतं. आपल्या वाट्याचं तेवढं उचलता येतं, माणशी पाच किलो. मी नंबर दाबला, पडदा तिच्याकडे वळवला. चार नावं आली. गोजरबाई, ही सासू, कार्ड तिच्या नावावर. बिभीषण, नवरा. दिपाली, ही स्वतः. धनश्री, मुलगी. बाई त्या नावांकडे अशी बघत होती की जणू ती माणसं आत बसलीत आणि आता काच खाली करून बाहेर डोकावतील.

"माझं न धनूचंच काढा. त्यांच्या वाट्याचं नगं." मग आवाज खाली गेला. "ताई, ह्यात कळतं का कुनाला, मी हितं आले त्ये?"

मी म्हटलं, "बाई, या यंत्राला तोंड असतं तर त्याने आधी आमच्या खात्यातल्या साहेबांची नावं घेतली असती. मुकं आहे ते. आणि मी इथे धान्य वाटते, बातम्या नाही."

वाक्य मला स्वतःलाच आवडलं. तीही थोडीशी हसली आणि तिने अंगठा ठेवला. एका झटक्यात घेतला. दहा किलो दिले. गोणपाटाची पिशवी डोक्यावर घेऊन ती मागच्या गल्लीने गेली, समोरच्या रस्त्याने नाही.

३ जुलै

दिपालीने आज सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तांदळातले खडे निवडायला बसली आणि बोलायला लागली.

ही माणसं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की गाव उठतं आणि उन्हाळा लागला की परत येतं. ऊस तोडायला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पुरुषाचा तो अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. बिभीषणच्या ओळखीत एक असा अर्धा कोयता आहे, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला यंदाच्या हंगामाआधी बायको पाहिजे. धनश्री चौदा वर्षांची आहे. नववीत.

"सासूचंच डोक्यात. वाईट न्हाई हो ती. पोरीवर लई जीव. म्हनती, मला दिसंना झालं, तुमी सा-सा म्हैनं तिकडं, वयात आल्याली पोर मी कुनाच्या भरवशावर ठिवू. लग्न केलं म्हंजी नवऱ्याच्या नजरंखाली ऱ्हाईल."

"आणि नवरा? हात उगारतो?"

"हात कवाचाच उगारतो, त्याचं काय. पोरीला साडी आनली त्यानं. पिवळी. त्या दिशी निघाले."

बेलापूर तिला माहीत होतं. मागे इकडे प्रवरेकाठी तिची टोळी उतरली होती, तेव्हा एका शेतकरणीने आजारपणात दूध पाठवलं होतं. तिच्याचकडे आता कांद्याच्या चाळीवर काम करते. मुलीला शाळेत घातलं. शाळेनेही आधार कार्ड मागितलं, दिलं. न देऊन काय करणार.

दोघी कुठे राहतात ते मला आणि आक्काबाईंना माहीत आहे. पण इथे, या माझ्या वाचता न येणाऱ्या अक्षरातसुद्धा, लिहिणार नाही. बिभीषणला कळलं तर पोर दिवाळीला उसाच्या फडात असेल, एवढं मला समजतं. त्याला कळायचं असेल तर ते माणसाच्या तोंडूनच कळणार आणि या गावातल्या तोंडांवर आता माझं लक्ष आहे.

१२ जुलै

यजमानांनी भेळ आणली. खाऊन झाली तशी पुड्याच्या तळाशी एक बाई दिसली. चिंचेच्या चटणीत गळ्यापर्यंत बुडालेली. नाव, पत्ता, जन्मतारीख, बारा आकडे, सगळं. कोणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स.

पुडा तसाच घेऊन कानिफनाथच्या दुकानात गेले. गावात झेरॉक्सचं दुकान त्याचं एकट्याचं. काळी, तिरपी, अर्धवट आलेली पानं तो एका खोक्यात टाकतो, खोकं भरलं की रद्दीवाल्याला देतो, रद्दीवाला भेळवाल्याला. म्हणजे गावाची ओळख अशी शेवपापडीसकट गावाच्याच पोटात जाते.

"कानिफ, ही तुझी मावशी का रे?"

"न्हाई ओ, ताई. कोन हाय?"

"तेच म्हणते मी. तुझी कोणी नाही, मग हिला चटणी लावून विकायचा तुला काय अधिकार?"

"लोकं चार-चार कॉपी काढत्यात, एक बिघडती. मी कुठं पुरू?"

मी तिथेच उभी राहून त्याला खोकं उपसायला लावलं. दिपाली आणि धनश्रीच्या कार्डांची दोन बिघडलेली पानं सापडली. शाळेसाठी काढली होती. दुकानामागे नेऊन स्वतःच्या हाताने काडी लावली. त्याच्याकडून देवाची शपथ घेतली की आजपासून बिघडलेलं पान फाडून टाकीन. कोणत्या देवाची म्हणून विचारलं तर तो म्हणाला, माझं नावच कानिफनाथ, दुसरा देव कुठून आणू.

घरी आल्यावर बरं वाटलं. गावात इतक्या लोकांचं इतकं शिक्षण झालं, पण आपली माहिती म्हणजे आपल्या अंगावरचा कपडा आहे, हे कोणाला सुचत नाही. मला सुचलं.

२० जुलै

रविवार असूनही दुकान उघडलं. मजुरांना आठवड्यात एकच दिवस मोकळा मिळतो, त्या दिवशी दुकान बंद ठेवून कोणावर उपकार करायचे?

आज धनश्री आईबरोबर आली. शाळेचाच फ्रॉक, धुऊन वाळवून घातलेला. आईच्या आधी तिनेच अंगठा पुढे केला. "मी ठिवते. माझं धान्य माझ्या अंगठ्यावर."

यंत्राने लगेच घेतला. तिने अंगठा उचलून डोळ्यांसमोर धरला आणि त्यावरच्या रेषा बघत बसली.

"मावशी, मी मोठी झाल्यावर ह्याला कळंल का, मीच हाय म्हनून?"

"कळतं. रेषा बदलत नाहीत."

"कोयता धरल्यावर बी?"

दिपालीने तिच्या पाठीत हलकीशी चापट मारली. मी म्हटलं, "तू पेन धर, म्हणजे प्रश्न मिटला."

मग पडद्यावरची नावं वाचत म्हणाली, "आज्जीचं आधी हाय. आमच्या आज्जीचा अंगठा कसला भारी लागतो. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या घासत बसत्यात, आज्जी नुसता ठिवती का झालं." आजीचं नाव निघालं की हिचा चेहरा उजळतो आणि आईचा उतरतो. दोन्ही मी पाहिलं आणि दोघींना एकेक लिमलेटची गोळी दिली. मला दुसरं काय येतं?

६ ऑगस्ट

आज नवल घडलं. खात्याने चौकशी केली.

दुपारी फोन आला. माणूस अदबीने बोलला. पुरवठ्याकडून बोलतोय, दुकानांची पाहणी चालू हाय म्हणाला. माझा नंबर यादीत असतोच, त्याचं काही विशेष नाही. विशेष हे की त्याने "ताई" म्हटलं. आमच्या खात्यातला माणूस एरवी "ओ दुकान" म्हणतो.

धान्य कसं येतं, वेळेवर येतं का, स्वच्छ येतं का, सगळं विचारलं. मी पण मनातलं सगळं बोलून घेतलं. मागच्या खेपेच्या गव्हात किडे किती आणि गहू किती, याचं प्रमाणसुद्धा सांगितलं. तो ऐकत राहिला, मधून मधून "व्हय का, व्हय का" करत. तिकडच्या बाजूचा दिसला, पाथर्डी-शेवगावकडचा हेल होता. खात्यात भरती आता सगळीकडून होते.

"बाहेरगावचं कार्डवालं येत्यात का, ताई?"

"येतात ना. एक येते नेमाने. आम्ही कोणाला परत पाठवत नाही."

"लई चांगलं करता. वाटप कवा असतं? आमचा मानूस यील बघायला."

"सतरा तारखेला, रविवारी. मी रविवारीही उघडं ठेवते. लिहून घ्या हे."

"घेतलं," म्हणाला.

यजमानांना सांगितलं तर म्हणाले, बघ, सरकार सगळं बघत असतं. त्याआधी दुकान झाडून-पुसून घ्यायला पाहिजे. पाटीवर भाव लिहायचा राहिलाय. फुकट धान्याचा भाव काय लिहायचा, ते एकदा विचारीन त्या माणसाला.

१७ ऑगस्ट, दुपारी

लगेच लिहून ठेवते. आज मी एक माणूस तास-दीड तास चहावर थोपवून धरला.

सकाळी दहाच्या सुमारास रांगेत एक म्हातारी आणि तिच्यामागे एक माणूस. म्हातारी वाळकी, ताठ, डोक्यावरून पदर. मला वाटलं आसपासच्या वस्तीवरची असतील. म्हातारीने झेरॉक्स पुढे केली. मी नंबर दाबला, सवयीने पडदा तिच्याकडे वळवला आणि मग मीच वाचला. गोजरबाई. बिभीषण. दिपाली. धनश्री.

म्हातारीने नुसता अंगठा ठेवला का झालं.

म्हटलं, "एवढ्या लांबून इथे कशाला आलात, आजी? तुमच्या गावात दुकान नाही?"

"हाय की. त्यो दुकानदार म्हनला, तुमचं चौघाचं न्हाई निघत, दोघाचंच निघतं. दोघीचं धा किलो बेलापुरात कुनीतरी उचाललंय." तिच्या आवाजात राग नव्हता. वजनात मार बसला तर बाई जशी सांगते तसं सांगत होती. "दोन म्हैनं झालं, आमी पोरीला हुडीकतोय. हिरी धुंडाळल्या. देवाला बोललो. अन् त्यो म्हनतो, कुठं हुडकता, मशीनीत हायती की."

मागून तो माणूस बोलला, "ताई, वळखलं का? म्या म्हनलं हुतं, आमचा मानूस यील बघायला."

तो आवाज, तो हेल. खात्यातला माणूस.

मी त्यांचं धान्य मापलं. काय करणार, कार्ड खरं, अंगठा खरा, हक्क खरा. मापताना डोकं चालवलं. दिपालीला या रविवारी चाळीवर जादा काम, सुटली की चारच्या पुढे दुकानात येणार, तिला अडवलं पाहिजे. आक्काबाई पोत्यावर बसल्या होत्या. त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "जा, त्यांच्या खोलीवर निरोप द्या, आज दोघींनी इकडे फिरकू नका म्हणावं." आक्काबाई काही न बोलता उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत गेल्या.

बिभीषणला म्हटलं, "बसा, भाऊ. उन्हाचे आलात, चहा टाकते." तो बसला. माणूस दिसायला काही राक्षस नाही. खाली मान घालून बशीत चहा ओतून प्यायला. "पोर शिकती का, ताई?" विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, माझ्याकडे येतात आणि जातात. "म्या बी सातवी शिकलोय," म्हणाला. "काय झालं शिकून? कोयताच धरला." मी त्याला बोलण्यात गुंतवत गेले. गहू, पाऊस, मुकादम, काय वाट्टेल ते. आयुष्यभर ज्या तोंडाला लोकांनी नावं ठेवली ते आज कामाला आलं.

आक्काबाई बाहेर पडल्या तसं म्हातारीला लघवीला जायचं होतं. तिला मी गडबडीत दूध डेअरीकडचा रस्ता दाखवला, तिकडे आडोसा आहे.

साडेअकराच्या पुढे त्याला फोन आला, तो "व्हय, आलो" म्हणून उठला, धान्याची पिशवी घेतली, मला नमस्कार केला आणि निघून गेला. बहुतेक कंटाळला. म्हातारी बाहेरच्या बाहेरच रस्त्याला गेली असणार. दिपाली चारला सुटली की मी स्वतः तिला समजावते, आजच्या आज गाव बदलायला पाहिजे. आक्काबाई अजून आल्या नाहीत. चालणं हळू आहे त्यांचं.

१७ ऑगस्ट, संध्याकाळी

दूध डेअरीमागची पत्र्याची खोली. आता लिहायला हरकत नाही.

आक्काबाई तिथे पोचल्या तेव्हा धनश्री एकटीच होती. रविवार, शाळा नाही, आई चाळीवर. आक्काबाईंनी निरोप सांगितला, पोर "बरं" म्हणाली आणि मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघून हसली. आक्काबाई वळल्या तर मागे म्हातारी उभी. आडोशाला गेली नव्हतीच. तिला दिसत नाही म्हणे, पण आक्काबाईंच्या पदराचा रंग धरून, त्यांच्याच चालीने, अंतर ठेवून मागे चालत आली होती.

"पोर पळत जाऊन गळ्यात पडली गं," आक्काबाई म्हणाल्या. "आज्जी, आज्जी करून. मी काय मधी पडू? मी हाताला धरलं तिच्या, म्हनलं, आई येऊस्तवर थांब. म्हातारी म्हनली, मी काय वाघ हाय व्हय? आईला घिऊनच जायचंय, चल, बाप रस्त्याला थांबलाय. पोरीनं चपला घातल्या."

रस्त्यावर जीप होती. बाप आल्यावर निघाली. आक्काबाई ओरडल्या. डेअरीवरची माणसं आली, बघून म्हणाली, सख्खी आजी, सख्खा बाप, तुमी कोन? मग आक्काबाईंचे गुडघे धरले आणि तिथल्याच एका ओट्यावर त्या बसून राहिल्या. मला तोंड दाखवायचं धाडस होईना, म्हणाल्या.

जीप सुटल्यावर पोरीला कळलं असेल का? चाळीकडे वळली नाही, नगरच्या रस्त्याला लागली, तेव्हा?

चार वाजता दिपाली रिकामी पिशवी घेऊन दुकानात आली. पदराला कांद्याचा वास. म्हणाली, "ताई, आज गहू बरा हाय का?"

२० ऑगस्ट

मुलांसाठी जो नंबर असतो तिथे फोन केला. पोलिसांना केला. ज्यांना ज्यांना करायचा त्यांना केला आणि सगळ्यांना माझं नाव, गाव आणि आधार नंबर सांगितला. तक्रार करणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय पुढे काही होत नाही.

तिकडून कोणीतरी जाऊन आलं. आज कळवलं. लग्नबिग्न काही नाही, घरात देवाची पूजा होती. मुलगी खुशीत आहे. शिवाय आधार कार्डावर तिला अठरा पूर्ण आहेत.

दिपालीला विचारलं. ती म्हणाली, कार्ड फडावर काढलं होतं. एक गाडी आली, सगळ्यांचे अंगठे घेतले. जन्मतारीख विचारली, हिला सांगता येईना. गाडीतला म्हणाला, किती मोठी दिसते, टाका काहीतरी. पोरीच्या शाळेतल्या दाखल्यावर खरी तारीख आहे. तो दाखला मी पाठवते म्हटलं, तर फोनवरचा म्हणाला, "पाठवा की. बघू." कार्डावरची तारीख हा जन्माचा पुरावा नव्हे, असं आता कार्डावरच छापतात. बारीक अक्षरात.

यजमानांनी आज जेवताना पेपर उघडला नाही. बरं केलं.

७ सप्टेंबर

दिपाली गावी जाऊन आली. घरात घेतलं नाही. ओठ फुटलाय, त्याबद्दल बोलली नाही. पोरीला कुठल्या नातेवाइकाकडे ठेवलंय ते कोणी सांगेना.

दुकानात आली, रांगेत उभी राहिली, पुढे आल्यावर म्हणाली, "ताई, कुठं हायती त्ये मशीनीत दिसतं ना?"

मी नंबर दाबला, पडदा वळवला. या महिन्याचं धनश्रीचं धान्य गावच्या दुकानातून निघालं होतं. तिच्याच अंगठ्यावर. पाच तारखेला, सकाळी.

"म्हंजी पाच तारकंला ती सोता दुकानात आल्ती."

"हो."

"म्हंजी गावातच हाय. चालती-फिरती हाय."

तिने पडद्यावर त्या ओळीवरून बोट फिरवलं. काचेवर मातीचा डाग राहिला. मग त्याच हाताचा अंगठा खाली यंत्रावर धरला. मी म्हटलं, थांब. उचलू नकोस इथून. मी तुला माझ्या घरचे गहू देते, पण अंगठा ठेवू नको. तू इथेच आहेस हे त्यांना दर महिन्याला कशाला कळवायचं?

"त्यास्नी कळलंच की, ताई. आता धनूला कळू द्या. तिकडं पडद्यावर तिला माझं दिसंल. आई बेलापुरातच हाय, हाललेली न्हाई, एवडं तिला कळलं तरी बास."

मी यंत्राला मुकं म्हटलं होतं. यंत्राने माझं ऐकून घेतलं होतं.

१५ सप्टेंबर

फोनवरच्या माणसाला तो दाखला मिळाला. तपास चालू आहे असं कळवलं. फोन कधी नव्हे ते लवकर संपला.

न्हाणीच्या दाराची कडी यजमानांनी आज बदलली. जुनी सैल झाली होती.

१२ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. रांग मोठी होती. पूर्वेकडच्या एक-दोन टोळ्या यंदा दिवाळीआधीच आल्यात. प्रवरेकाठी पालं दिसतात.

दिपाली शेवटी आली, नेहमीसारखी. नवी साडी, तेल लावून बांधलेले केस. ऊसतोडीला गाव उठायच्या आत पोर एकदा तरी दुकानात जाईल, हा तिचा हिशोब. आज बघायचंच होतं तिला.

मी नंबर दाबला. पडदा आधी मीच बघितला.

गोजरबाई. बिभीषण. दिपाली. खाली काही नाही.

लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करतात, म्हणजे सासरच्या कार्डात चढवता येतं. या कामासाठी आमच्या गावात बायकांनी वर्ष-वर्ष खेटे घातलेत. इथे कोणाला खेटा पडलेला दिसला नाही. चौथी ओळ होती तिथे पडदा नुसता पांढरा होता.

"वळवा की, ताई."

"तिरीप येते त्याच्यावर. दिसत नाही." मी यंत्र जवळ ओढलं.

"चौघंबी हायती ना?"

"आहेत."

"धनूचं निघालं?"

"निघालं."

"तिच्या अंगठ्यावर?"

"तिच्याच."

दिपालीने मोठा श्वास सोडला. दिवाळीला पोरीसाठी बांगड्या घेतल्यात म्हणाली, हिरव्या. कोणी तिकडचं भेटलं की पाठवीन. मग पदराला अंगठा पुसला, पुढे वाकली आणि कुठे ठेवायचा ते न दिसल्यामुळे हाताने चाचपडू लागली. मी तिचा अंगठा धरून यंत्रावर ठेवला.

पडदा मी पोटाशी धरला होता.